पाचशे शब्दांत

शिंत्रे सर म्हणाले, पुरावर लिही.
बाहेरच्यांना पूर लगेच कळतो.
होडी, पत्र्यावर चढलेली माणसं,
हेलिकॉप्टरला तू केलेला हात.

सर, आमच्या गल्लीत पाणी आलंच नाही.
नळाला तेवढं आठ दिवस नव्हतं
आणि मी धाकट्याकडून कॅरममध्ये हरत होतो.
(मुलगी असून ‘होतो’. आमच्याकडं असंच म्हणतात.
इंग्रजीत वाचणाऱ्याला ते दिसणारही नाही.)

प्रश्न असा आहे:
तुमच्यापुढचं एखादं आव्हान,
आणि त्यावर तुम्ही मात कशी केलीत.

माझं आव्हान एक अक्षर आहे.
व्यंजनांतलं पहिलंच.
घशापर्यंत येतं आणि उभं राहतं,
उद्यमनगरात पप्पांच्या लेथवर
जॉब अडकतो ना, तसं.
मोटार घुमत राहते, लोखंड हलत नाही.
त्यात राहायला गाव मिळालं हे.
त्यात आत्यानं नाव ठेवलं कस्तुरी.

फोनवर कुणी विचारलं कोण बोलतंय,
तर मी चौगुल्यांची थोरली.

थेरपीच्या मॅडम म्हणायच्या, अडलं की गाऊन म्हण.
भर स्टँडवर?
पुण्याहून येताना कंडक्टर समोर उभा,
मागं रांग,
आणि मी म्हटलं, निपाणी.
पुढच्या गावाचं तिकीट काढलं,
जास्तीचे पैसे मोजले
आणि अलीकडंच, माझ्या गावात उतरलो.
कंडक्टर ओरडला, अगं पोरी, निपाणी लांब हाय अजून!
मी मान हलवली. मान कधी अडत नाही.

मसुद्यावर सरांचं लाल पेन:
शेवट कुठाय? मात कधी केलीस?
वक्तृत्वाचं एखादं बक्षीस दाखव.
आई भाकरी थापता थापता म्हणाली,
घाल की एक बक्षीस.
एवढ्या लांबनं बघायला कोण येतंय?

शेजारच्या फाउंड्रीची दुसरी पाळी सुटली
तेव्हा चारशे ऐंशी शब्द झाले होते.
त्यांत निपाणी आहे.
जास्तीचे पैसे आहेत.
बक्षीस नाही.

वीस शब्द उरलेत.
सर म्हणतील, वाया घालवलेस.
राहू देत.
उद्या मुलाखतीत कुणी गाव विचारलंच,
तर साधारण तेवढाच वेळ
त्यांना माझ्यासमोर
गप्प बसावं लागेल.