गहाळ अकरा

नोव्हेंबर. दुपारी तीनलाच वार्डो अंधारून आलंय.
दवाखान्याच्या स्वयंपाकघरात पाच डॉक्टर,
एक शोधनिबंध, कॉफीचा थर्मास.
रांगहिल्ड आकृतीवर बोट ठेवते :
चिठ्ठ्या टाकून दोन गट. कुणाची गोळी खरी, कुणाची खोटी,
देणाऱ्यालाही ठाऊक नाही.
इथवर चोख.

मग एक बाण, आडवा, चौकटीबाहेर जाणारा :
‘पाठपुराव्यातून गहाळ : अकरा.’
त्यातले नऊ खऱ्या गोळीचे.

गहाळ म्हणजे कुठे? ती विचारते.
कुणीतरी घड्याळाकडे बघतं.

त्यातला एक तिला माहीत आहे.
आयलर्ट, कॉड पकडणारा. सकाळीच धक्क्यावर भेटला,
दोराला गळ बांधत.
म्हणाला, त्या गोळीनं हात कापायचे,
गाठ बसेना. दिली सोडून.
विचारायला कुणी आलंच नाही.

एका माणसाची गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे,
हे नव्या पोरांना तीच शिकवते.
म्हणून आयलर्टचं नाव ती घेत नाही.
समासात पेन्सिलीनं
एक प्रश्नचिन्ह काढते,
गळासारखं वाकडं.

निष्कर्ष वाचायचा राहूनच जातो.
थर्मासही रिकामा.