नऊ ग्रॅमवाला नको

हुजेफाभाई म्हणाला, "भिया, नौ ग्राम वाला ले जाओ,
सब यही ले जाते हैं."
जेल रोडवर, दुपारी अडीचला,
काउंटरवर निळ्या काड्यापेट्यांसारखी सर्वोंची रास.
पंखा वळला की वायरींची टोकं हलायची.

मी म्हटलं, नको.
नऊ ग्रॅमवाल्यानंच घालवलं मागचं विमान,
सिमरोलच्या पुढच्या माळावर, उलटं उडत असताना.
प्लास्टिकच्या चाकाचा एकच दात गेला,
तांदळाच्या कणीएवढा,
आणि एलिव्हेटरनं ऐकणं सोडलं.
हातातल्या स्टिकला यातलं काहीच कळत नाही,
तिची स्प्रिंग तेवढीच घट्ट,
वर काहीही होवो.
सोयाबीनमध्ये गेलं ते.
पोरांनी तुकड्या-तुकड्यांनी शोधून आणलं.
शेतमालकानं विचारलं, "कितने का था?"
मी निम्मीच किंमत सांगितली,
तरी तो बांधावर बसला.

बावीस वर्षं मी पीथमपूरला गिअर तपासतो.
दोन दातांमधली फट मोजतो.
थोडी लागतेच, नाहीतर चाक अडकतं;
त्याहून केसभर जास्त झाली की माल परत.
माझी सही नसेल तर ट्रक गेटाबाहेर पडत नाही.
आणि स्वतःच्या विमानात मी
सव्वाशे रुपयांचा सर्वो बसवला होता.
हे कंपनीत कुणाला सांगितलेलं नाही.

आज पिशवीत डायल गेज घेऊन आलोय.
हुजेफाभाई हसला, "रिश्ता देखने आए हो क्या?"
तसंच समजा.
ताकद डब्यावर छापलेली असते.
वेगही, साठ अंश,
सेकंदाच्या आठ शतांशात.
मला बघायचंय ते डब्यावर नाही:
डावीकडे जाऊन आला,
उजवीकडे जाऊन आला,
की पेन्सिलीच्या त्याच रेघेवर थांबतो का,
का आज इथे, उद्या जरासा तिथे.

पहिला आला तो थोडा डावाच राहिला.
दुसरा रेघेवर आला,
पण आल्यावरही कुरकुरत,
जागेवर बसून जागा शोधत.
तिसरा धातूच्या दातांचा, देखणा, जड.
शेपटीत बसवायचा तर बॅटरी पुढे सरकवावी लागणार;
मी तिथल्या तिथे, डोळे मिटून सरकवून पाहिली.
पुढे मोटर होती.

चौथ्याला बोटानं ढकललं.
त्यानं बोट परत ढकललं,
बारीक गुणगुणत.
हलला नाही, तरी मीटरवरचा आकडा चढला.
एका जागी राहायलाही करंट लागतो
हे मला माहीत होतं.
बोटाला आज कळलं.

"चार द्या," म्हटलं.
किंमत ऐकून तीन घेतले.
दोन पंखांत, एक एलिव्हेटरला.
रडरला मुळ्येसरांचा जुना, जपानी;
हात थरथरायला लागल्यावर त्यांनी
बरणीतून काढून दिलेला.
"हा अजून सरळ चालतो," म्हणाले होते,
आणि बरणीचं झाकण
दोन-तीनदा चुकवून लावलं होतं.

रविवारी, सकाळी सात. वारा नव्हता.
नाक आभाळाकडे करून
विमान हवेत उभं केलं,
शेपूट गवतापासून हातभर वर.
"रुक गया! अंकल, रुक गया!"
रुकलं कुठे?
आत चारही जणांची
नुसती धावपळ चालली होती,
आणि माझ्या दोन्ही अंगठ्यांची.

उतरवल्यावर एक पोरगा जवळ आला.
गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात
ताईताशेजारी पांढरं काहीतरी,
भोकाभोकांचं:
मागच्या सर्वोचा मोडका आर्म.
"ये आपका है," म्हणाला,
आणि मुठीत घट्ट धरून
तसाच उभा राहिला.