शेरा

दोंडाईचा रस्त्याचं रुंदीकरण.
गट नंबर एकशे बारा, पोटखराब.
साखळीचं एक टोक माझ्याकडे,
दुसरं कोतवाल झिपरूकडे.
छापील तक्त्यात रकाने सात:
आंबा, लिंब, बाभूळ, बोर,
विहीर, पाइपलाइन, इतर.

पौषातलं ऊन. बुराई वाळूखाली गेलेली.
शेजारच्या शेतात दादर हुरड्यावर,
आणि या पडीत गुडघाभर उटकटारी
फिकट निळे चेंडू वर धरून.
लांबून एकेक फूल वाटतं.
वाकून पाहिलं तर एका चेंडूत शंभर,
आणि प्रत्येकानं
आपापलं कुंपण घातलेलं.

मी लिहिलं: इतर – निरंक.

"काय लिखं भाऊ?"
बांधावर सुपडाबाई, हातात शेळीचा दोर.
म्हटलं, काही नाही, मावशी.
"काहीच नही कशी?
हाई काय उभी शे मंग?"

मी फिरकीच्या तांब्याचं झाकण फिरवलं
आणि ती सांगत राहिली:
बाई अडली की तांबडं फुटायच्या आत इथं यायचं,
वाटेत कुणाशी बोलायचं नाही,
लोखंड लावायचं नाही,
लाकडानं उकरून मुळी काढायची,
तिच्या केसांत बांधायची.
मूल आलं की आधी मुळी सोडायची.
नाळ मग.

नाही सोडली तर?
"मंग ती ओढतच ऱ्हास."

खरंखोटं मला माहीत नाही.
आता शिंदखेड्याला दवाखाना आहे, जीप येते,
हेही तीच म्हणाली.
मग तिनं साखळीच्या पलीकडल्या टोकाकडे बोट केलं:
"पन हाऊ
दोन रात अडकेल व्हता."

झिपरू. पन्नाशीचा. मिशा पांढऱ्या.
काही ऐकलंच नाही असा
वहाण काढून
तळव्यातला काटा शोधत बसलेला.

तक्त्याच्या तळाशी शेऱ्याला बोटभर कोरी जागा असते.
तिथं लिहिलं: उटकटारी, अंदाजे चाळीस.
मालक कोण, साहेब विचारतील.
सुपडाबाईला वाचता येत नव्हतं,
तरी अक्षरं संपेपर्यंत ती हलली नाही.
शेळीनं तेवढ्यात माझ्या पिशवीची कड चावली.

मग पुढची साखळी.
ती सरळच धरायची असते, ताणून,
झिपरू तीस वर्षं तशीच धरत आलाय.
आज तो त्या निळ्या पट्ट्याला
बाहेरून वळसा घालून गेला.
माप एक आणा जास्त भरलं.

मी तेच लिहून घेतलं.