सव्वा रुपया

पस्तीस वर्षं मी एकच वाक्य बोललो:
सुटे द्या.
जेवतानाही एकदा म्हणालो म्हणे,
इंदूनं अख्खी भाकरी वाढली तेव्हा.

आता बोलत नाही. कुणाला बोलू?
चोपड्याच्या बाजारात मेथीच्या जुड्यांशेजारी
एक निळा डबा बसलेला असतो, साबणाच्या वडीहून थोडा मोठा.
लोक त्याच्यापुढे मोबाईल धरतात, आरती ओवाळल्यासारखे,
आणि तो आकाशवाणी करतो,
"पंधरा रुपये प्राप्त झाले."
मेथी घ्यावी एकानं, कळावं अख्ख्या बाजाराला.
आमच्या वेळी नवऱ्याचा पगार किती
हे बायकोलाही माहीत नसायचं.

नातू पुण्याहून येतो, माडीवर बसतो,
कानात बोळे घालून भिंतीशी इंग्रजीत भांडतो.
इंदू चहा घेऊन गेली
तर टेबलाखालून हात हलवून हाकललं तिला.
मीटिंग होती.
वर इस्त्रीचा शर्ट, खाली चड्डी.
अर्धं तिकीट, मी मनात म्हटलं.

सून मनगटाला पट्टा बांधून रात्री साडेनऊला
ओट्यापासून देव्हाऱ्यापर्यंत, देव्हाऱ्यापासून ओट्यापर्यंत.
पट्ट्याला रोज दहा हजार पावलं द्यायची असतात.
मी म्हटलं, दादरचं दळण घेऊन जा, गिरणी लांब आहे.
तिनं पीठ मोबाईलवरून मागवलं
आणि पुन्हा चालायला लागली.

मला पंच्याहत्तर झाली, तेव्हापासून
एसटीत शून्य रुपयांचं तिकीट मिळतं.
कंडक्टर पोरगी आहे, आवाज खणखणीत.
यंत्रानं जीभ दाखवावी तसं तिकीट बाहेर येतं.
मी ते घडी करून टोपीत ठेवतो.
चेकिंग कधी येईल, सांगता येत नाही.

हे सगळं जाऊ द्या. खरी गोष्ट अशी
की माझ्यावर कर्ज होतं.
बँकेचं नाही, सोसायटीचं नाही,
बेबाबाई धुडकू कोळीचं.

एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात ती हातेडला उतरली,
डोक्यावर पाटी, कडेवर पोर.
तिकिटामागं मी लिहून दिलं होतं: सव्वा रुपया देणे.
ती विसरली, मी डबल बेल दिली.
मागच्या काचेत ती पळताना दिसली,
पण डायव्हर भिला आप्पा गाडी थांबवणारा माणूस नव्हता.

तेव्हापासून दर बाजाराला,
मी भरताची वांगी दाबून बघत असलो की
"का हो कंडक्टर, मना सव्वा रुपया?"

आधी चिल्लर नव्हती. मग राहून गेलं.
मग तिचा धुडकू वारला,
तेव्हा देण्याघेण्याचं बोलणं बरं दिसेना.
मग सरकारनं चार आणेच बंद केले.
आता एक द्यावा तर मी चार आण्यांचा चोर,
दोन द्यावे तर बारा आण्यांचा दानशूर,
आणि बेबाबाईला दान चालत नाही.

गेल्या बाजाराला नातवानं मोबाईल माझ्या हातात दिला.
म्हणाला, आजोबा, आता गुप्त आकडा टाका.
मी माझा बिल्ला नंबर टाकला,
एकेक आकडा मोठ्यानं म्हणत.
चक्र फिरलं, फिरलं,
तापीच्या पुलावर समोरून उसाचा ट्रॅक्टर यावा तसं अडलं,
आणि मग डबा बोलला,
"एक रुपया पंचवीस पैसे प्राप्त झाले."

गिलकेवाला वळला. मिरचीवाली वळली.
एकाच्या हातात गवार होती, त्यानं ती खाली ठेवली.
बेबाबाईनं आधी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
पदरानं तोंड पुसलं,
अर्धा किलो वांगी तोलली, एक वरून टाकलं.

म्हटलं, फिटलं ना?

"मुद्दल फिटनं," ती म्हणाली.
"आन् याज?"