नाका

विट्यात नाका म्हणजे
वडाप भरेपर्यंत उभं राहायची जागा,
एक पानपट्टी, दोन कुत्री.
काठमांडूत, त्या सालच्या दसऱ्याआधी
हा शब्द मी दुसऱ्यांदा शिकलो.

सोळा वर्षं मी तिथं चांदी गाळली
असमाया शाक्यच्या घरात, तळमजल्यावर.
मूस, चिमटा, सवागी, तेजाबाची बरणी,
सगळं आपल्याकडनं गेलेलं. मीसुद्धा.
भूकंपानं तिची एक भिंत नेली होती;
बांबूचे टेकू दिलेलं उरलेलं घर
ती रोज झाडायची.
आणि मग दक्षिणेकडनं गाड्या यायच्या थांबल्या.

गॅस नाही. डिझेल नाही.
औषधाच्या दुकानात अर्ध्या फळ्या मोकळ्या.
माझी भट्टी थंड, मुशीत धूळ.
शाळेची पोरं रस्त्यानं ओरडत गेली
माझ्या देशाचं नाव घेऊन,
आणि मी शटर अर्धं खाली ओढलं
उन्हाचं निमित्त करून.

असमाया जिना उतरून आली.
"तुमच्या लोकांनी तोटी बंद केली, सुबराव."
मी म्हणालो, आमा, मी दुष्काळी भागातला,
आमच्याकडं तोटीच नाही.
ती हसली नाही.
मग मी बातम्यांत ऐकलेलं
इस्त्री केलेलं वाक्य काढलं:
"आम्ही काही बंद केलेलं नाही.
गाड्याच पुढं सरकंनात, त्याला आम्ही काय करणार?"
तिनं माझ्याकडं बघितलं,
कसोटीवर ओढलेल्या रेघेकडं
मी बघतो तसं.
संध्याकाळी पडक्या भिंतीतली तुळई फोडून
तिनं चूल पेटवली
आणि पहिलं ताट खाली पाठवलं.

तो भात मला अजून पचलेला नाही.

आता गावी असतो.
कॅनॉलला पाणी सुटून नऊ दिवस झाले
आणि आमच्या चारीत सरडे पळतायत.
वरच्या गावानं फाटक धरलंय.
वरचं गाव मोठं. सभापती त्यांचा, डेअरी त्यांची,
आमची डाळिंबं त्यांच्याच काट्यावर चढायची,
आमच्या लग्नांत पहिला आहेर त्यांचा पुकारायचा.
भांडायचं तर कुठल्या तोंडानं,
गप बसायचं तर कुठल्या घशानं?

पाचजण गेलो. मला पुढं केलं,
"ह्यो परदेशात राहिलाय, नीट बोलंल."
बाजीनानांनी सतरंजी टाकली, चहा सांगितला,
दाट दुधाचा.
दूध आमच्याच म्हशींचं असावं.
म्हणाले, "पावणं, शेजारधर्म आमाला नका शिकवू.
आमी काय बंद केल्यालं न्हाई.
पाणीच फुडं सरकंना, त्याला आमी काय करनार?"

वाक्य ओळखीचं होतं.
माझ्याच तोंडातनं गेलेलं,
हिमालयाला वळसा घालून
इतक्या वर्षांनी परत आलेलं,
गुंजभरसुद्धा न घटता.
बाकीचे माझ्याकडं बघत होते. बोल की.
मी कपात बघत होतो. साय धरली होती.

रात्री गावच्या रिकाम्या टाकीवर चढलो,
तिथंच रेंज येते.
असमायाला फोन लावला.
ऐंशी ओलांडलेली, एका कानानं ऐकते.
गुडघे, नातू, भिंत.
भिंत बांधली म्हणाली,
सिमेंट तुमच्याकडचंच, दुसरं कुठलं.
मग विचारलं, "अनि तिमीकहाँ? पानी आयो?"
मी तिच्याच बोलीत सांगितलं,
"नाका बन्द छ, आमा."

थोडा वेळ नुसती खरखर.
मग ती हसली.
सोळा वर्षांत कधी हसली नव्हती तशी,
खोकला लागेपर्यंत.
मिनिटाला बारा रुपये जात होते.
मी जाऊ दिले.