एकोणीस ग्रॅम

केयोनच्या धक्क्यावरून सात पिशव्या आल्यात,
बर्फात, सुतळीने बांधलेल्या, प्रत्येकीला चिठ्ठी.
शाई पाण्याने पसरलीय,
तरी सातवीवरचं अक्षर मी ओळखते :
एलिएसेर ग्वेंतेओ, पाणबुड्या.
र काढताना त्याचा हात अजून शाळेतलाच.

बाहेर सामुद्रधुनी धुतलेल्या काचेसारखी.
लोक लाल भरती म्हणतात, पण लाल काहीच नाही,
विषाला रंगाची हौस नसते.

शिंपले सोलते. वाटते. आम्लात उकळते.
लिंबू पिळलं की उतरतं, असं बाजारातल्या बायका अजून सांगतात.
उतरत नाही.
माझ्या आम्लातून उकळून निघूनही
ते तसंच ताजंतवानं पुढच्या टेबलावर येऊन बसतं.

आणि मग रोजचंच : विचारायचं कुणाला?

पट्टी आहे. पंधरा मिनिटं, एक रेघ किंवा दोन.
पण तिला एकाच चेहऱ्याची ओळख करून दिलीय.
त्या विषाची चुलतभावंडं तिच्यासमोरून गेली
तर अळीमिळी गुपचिळी.

यंत्र आहे, पण प्वेर्तो मोंतला. आधी बस, मग फेरीबोट, पुन्हा बस.
कानामागून आलं आणि तिखट झालं,
एकेका रेणूला रांगेत उभं करतं,
नाव विचारतं, वजन विचारतं,
कागदावर डोंगरांची ओळ काढून देतं.
उत्तर शुक्रवारी.
आज मंगळवार, आणि शिंपला शुक्रवारपर्यंत थांबत नाही,
चुलीवरचं पातेलंही नाही.

खालच्या खोलीत, भुशात, उंदीर आहेत.

नायारेत नवी आहे, सान्तियागोची. ती खाली उतरत नाही.
"यातली खरी पद्धत कोणती?" विचारते.
मी म्हणते, पुस्तकात तिन्ही खऱ्या आहेत.
तू रात्री कोणती चूक उशाशी घेऊन झोपू शकतेस, ते बघ.
हे बोलून मलाच ओशाळल्यासारखं होतं.
मला तरी कुठे झोप लागते?

सातवीची पट्टी : स्वच्छ.
नायारेत वहीत लिहायला वाकते.
मी तिचं मनगट धरते.

माझ्या वडिलांची पद्धत ओठाची होती.
शिंपल्याचा तुकडा खालच्या ओठावर ठेवायचा,
मातेचा एक घोट संपेपर्यंत थांबायचं,
मुंग्या आल्या नाहीत की पातेलं खाली.
अठ्ठावीस वर्षं ओठ खरं बोलला.
मग एका संध्याकाळी, जेवण झाल्यावर,
ते दारात उभे राहिले कुत्र्याला शीळ घालायला,
आणि शीळ आली नाही.
नुसती हवा.
आम्ही हसलो. तेही हसायला गेले.

तराजूवर उंदीर : एकोणीस ग्रॅम.
कोष्टकात त्याच्या वजनाची दुरुस्ती आहे,
त्याच्या उबेची नाही.
त्याला विषाचं नाव ठाऊक नाही, भावंडं ठाऊक नाहीत,
कधी नुसत्या जस्तानेही तो जातो आणि आम्हाला फसवतो.
मी सुई टोचते, घड्याळ दाबते.
तो मिशा साफ करतो. भुशाकडे बघतो.
सहा मिनिटं दहा सेकंद.
दुसरा, सहा चाळीस.
तिसऱ्याच्या वेळी नायारेत खाली आली होती,
जिन्याच्या शेवटच्या पायरीवर,
वही छातीशी धरून.
घड्याळ तिनेच थांबवलं.

उरलेला अर्क दोन कुप्यांत भरते, प्वेर्तो मोंतसाठी.
नाव शुक्रवारी कळेल.
खाडी आज बंद करावी लागेल : एका सहीत चाळीस होड्या.
आणि डोंगर उगवलेच नाहीत, जस्तच निघालं, तर
ह्या चाळीस घरांतून मला कोण हाक मारेल?

सही करते.

फाटकाबाहेर एलिएसेर उभा आहे, टोपी हातात,
जाळीतून मला बघायचा प्रयत्न करतोय.
मी दाराशी थांबते. लगेच उघडत नाही.
तो कंटाळून शीळ घालतो,
कुठल्यातरी जत्रेतली चाल, अर्धवट,
पण प्रत्येक सूर नीट, धारदार.

अजून खाल्लेलं नाही त्याने.
मी कडी काढते.