दुमसोर

कुमासीत, असाफोच्या उतारावरच्या टपरीत
मी पहिल्यांदा अडॅप्टर उघडला
तेव्हा येबोआ मास्तर म्हणाले, हात मागे.
प्लग काढलाय म्हणून बेसावध राहू नकोस, अफ्रिये.
त्या जाड्या कॅपॅसिटरच्या पोटात
अजून सव्वातीनशे व्होल्ट दबा धरून आहेत.
त्यांनी दोन्ही टोकांना रेझिस्टर टेकवला,
वीस अंक मोजले,
मीटर लावला. मग म्हणाले, हं.

माझे काका वेल्डर. त्यांचा ट्रान्सफॉर्मर
उचलायला दोन माणसं लागत.
हा माझ्या अंगठ्याएवढा.
एवढंसं हे इतकं काम कसं उरकतं?
घाईनं, मास्तर म्हणाले.
हंडा असेल तर सेकंदाला पन्नास खेपांत भागतं,
हातात नुसती पळी असेल
तर पासष्ट हजार.

आणि खेपा मोजणारा हा, तीन पायांचा, काळा.
त्याला दोनच गोष्टी येतात, चालू आणि बंद.
दार अर्धवट लोटलेलं राहिलं
की तापतो, मरतो.

आमच्याकडे दुम म्हणजे विझव, सो म्हणजे लाव.
वीज जाते-येते त्याला सगळा देश दुमसोर म्हणतो,
दातओठ खात.
त्या वर्षी आईनं फ्रीजमधली मासळी तीनदा फेकली.
आणि इथं तळहातावरच्या हिरव्या पट्टीवर
दुमसोर हाच कारभार,
इतक्या झपाट्यानं विझव-लाव
की पलीकडे बारा व्होल्ट
निवळलेले, जवळजवळ तरंग नसलेले.

पलीकडे म्हणजे खरंच पलीकडे.
मधून एकही तार जात नाही,
पट्टीलासुद्धा चीर पाडलेली.
निरोप येतो तो उजेडातून:
बंद डबीत एक दिवा, समोर एक डोळा.
तिकडे जास्त झालं की दिवा वाढतो,
इकडचा हात आखडतो.
तो दिवा कुणीच पाहिलेला नाही.

मादाम कोनादूंच्या चर्चमधल्या कीबोर्डचा हा अडॅप्टर
नुसता टिक, टिक करत होता.
उठू पाहायचा, पलीकडे काही जळकं लागायचं,
बसायचा. पुन्हा उठायचा.
किती दिवस असं चाललं होतं कोण जाणे.
एक डायोड गेला होता, तेवढंच.
मी बदलला. डाग जरा ओबडधोबड बसला,
मास्तरांनी पाहूनही न पाहिल्यासारखं केलं.

प्लग लावला. हिरवा दिवा लागला.
आणि अख्ख्या उताराची वीज गेली.
शिंप्याचा पंखा थांबला, कुणीतरी ओरडलं,
रेडिओतला माणूस वाक्यात अडकला.
हिरवा दिवा मात्र होता,
साठलेल्यावर,
एक,
दोन,